लळा लावणाऱ्या मांजराला काय हवे असते

पुण्याच्या मार्केट यार्डाच्या परिसरात मांजरांचे दोन संसार नांदतात. एक गूळ-भुसार विभागातल्या गाळ्यांमध्ये. गाळा उघडला की पोत्यांच्या थप्पीवरून भाटी खाली उतरते, पुढचे पाय लांबवून आळस देते, हमालांच्या पायांतून वाट काढते, ओळखीच्या दिवाणजींच्या पायाला अंग घासते आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसते. कुणी मांडीवर घ्यावे अशी तिची अपेक्षा नसते. धान्य आहे म्हणून उंदीर आहेत आणि उंदीर आहेत म्हणून ती आहे. दुसरा संसार गंगाधाम, बिबवेवाडी, मुकुंदनगर, सॅलिसबरी पार्कातल्या इमारतींमध्ये. तिथे पर्शियन, सायामीज, क्वचित मेन कून किंवा रॅगडॉल सोफ्यावर झोपतात. त्यांनी उंदीर पाहिलेलाही नसतो. त्यांच्याकडून घराला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे सोबत.

अशी सोबत शोधणारे लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘सगळ्यांत प्रेमळ जात कोणती?’ उत्तरादाखल नावांची यादी देता येते आणि ती पुढे दिलीही आहे. पण ती वाचण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. माणसात रमणारे मांजर माया देते तितकीच मागते. त्याला आपला वेळ लागतो, योग्य अन्न लागते आणि सुरक्षित घर लागते. म्हणून निवड करताना आधी आपली दिनचर्या पाहावी, मग पिल्लाचे आई-बाप आणि त्याचे पहिले दोन महिने पाहावेत. जातीचे नाव त्यानंतर येते.

धान्याच्या कोठारातून दिवाणखान्यात

मांजर माणसाजवळ आले ते धान्यामुळे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कोठारे भरली, उंदीर वाढले आणि त्यांच्या मागावर रानमांजर वस्तीत आले. घरोघरची आजची मांजरे त्याच पश्चिम आशियाई रानमांजराची वंशज असल्याचे २००७ साली जनुकीय अभ्यासातून दिसले. त्याआधी २००४ साली सायप्रसमधल्या सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनाची माहिती प्रसिद्ध झाली होती. त्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले होते. भुसार बाजारातली मनी हा तोच प्राचीन करार आजही पाळते आहे.

वंशावळीची नोंद ठेवून जाती जोपासण्याची कल्पना मात्र जेमतेम दीडशे वर्षांची. १८७१ च्या जुलैत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मोठे मांजर प्रदर्शन भरवले आणि तिथून या छंदाला शिस्त आली. अमेरिकेत कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन १९०६ मध्ये स्थापन झाली. आज नावाजलेल्या बऱ्याच जाती त्यानंतर, विसाव्या शतकात घडल्या. कुत्र्याच्या जाती राखण, शिकार, मेंढ्या वळणे अशा कामांसाठी घडत गेल्या. मांजराच्या जाती प्रामुख्याने केस, रंग आणि चेहरा यांसाठी घडल्या. स्वभाव त्या ओघात आला. त्यामुळे जातीच्या नावावरून स्वभावाची हमी मिळत नाही, अंदाज मिळतो.

स्वभाव रक्तातला किती, घडवलेला किती

हा अंदाज कितपत भरवशाचा, यावर चांगले काम झाले आहे. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पाच हजारांहून अधिक मांजरांची माहिती तपासली. बुजरेपणा, चळवळेपणा, माणसाजवळ येण्याची ओढ या बाबतींत जातींमध्ये खरोखर फरक आढळला. ब्रिटिश शॉर्टहेअर माणसाला चिकटण्यात सर्वांत मागे होते. निवडक जातींत मोजले असता वागणुकीतला साधारण निम्मा फरक आनुवंशिक दिसला.

उरलेला निम्मा घडणीचा. अमेरिकेत आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांनी रोज हाताळलेली पिल्ले पुढे माणसाळतात आणि हाताळणी जास्त वेळ झाली तर जास्त माणसाळतात. ही खिडकी बंद झाल्यावर भरपाई करणे कठीण जाते. १९९५ मध्ये सँड्रा मक्यून यांनी रक्ताच्या बाजूनेही एक दुवा जोडला. बोका धीट आणि मनमिळाऊ असेल तर त्याची पिल्लेही तशी निघतात, जरी त्यांनी बापाला कधी पाहिले नसले तरी.

खरेदी करणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. पिंजऱ्यात वाढलेले महागडे रॅगडॉल बुजरे निघू शकते आणि चार माणसांच्या हातांत खेळलेले गावठी पिल्लू आयुष्यभर मांडी सोडत नाही.

जाती, एकेक करून

पुण्यात सर्वाधिक दिसते ती पर्शियन. शांत, घरबशी, आवाज कमी. माणसाजवळ बसते, पण सतत अंगावर येत नाही. दिवसभर कामावर असणाऱ्या घराला हा स्वभाव झेपतो. तिचे केस मात्र रोज विंचरावे लागतात. आठवडाभर हयगय केली तर काखेत आणि कानामागे अशा गाठी बसतात की भादरण्यावाचून इलाज उरत नाही. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार या जातीत पूर्वापार आहे. त्याला कारणीभूत जनुकीय बदल २००४ मध्ये सापडला. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. त्याची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे आणि दहा महिन्यांपुढच्या मांजरात सोनोग्राफीनेही गाठी दिसतात.

सायामीज दुसऱ्या टोकाला. बोलकी, हुशार, माणसाच्या मागे खोलीतून खोलीत फिरणारी. तिला उत्तर द्यावे लागते, खेळवावे लागते. एकटी पडली तर ती घर डोक्यावर घेते. जिथे दिवसा कुणीतरी असते, आजी-आजोबा आहेत, घरून काम करणारे आहेत, तिथे तिच्यासारखी सोबत नाही. तिच्या रंगाची गंमत मुलांना जरूर सांगावी. पिल्ले जवळजवळ पांढरी जन्मतात आणि कान, तोंड, पाय, शेपटी हे शरीराचे थंड भागच पुढे काळवंडतात, कारण रंग तयार करणारे तिचे विकर उष्णतेत नीट काम करत नाही.

माणसाची ओढ या एकाच कसोटीवर निवडायचे तर जाणकार बर्मीजचे नाव घेतात. १९३० साली डॉ. जोसेफ थॉम्पसन यांनी सॅन फ्रान्सिस्कोला नेलेल्या वाँग माऊ नावाच्या एका भाटीपासून अमेरिकेत ही जात उभी राहिली. धीट, पाहुण्यांतही रमणारी, म्हातारपणापर्यंत खेळकर. बर्मन तिच्यापेक्षा शांत आणि तितकीच प्रेमळ. आपल्याकडे मात्र दोन्ही दुर्मीळ आहेत.

रॅगडॉल १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात अ‍ॅन बेकर यांनी घडवली. उचलले की अंग सैल सोडते, म्हणून तिला हे नाव पडले. मुलांच्या घरात ती छान रुळते. मेन कून आकाराने थोराड, वाढ पूर्ण व्हायला तीन-चार वर्षे घेणारी, स्वभावाने मवाळ. या दोन्ही जातींत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो आणि दोन्हींत त्याची जनुकीय चाचणी होते. किंमत अनेकदा लाखाच्या घरात जाते. एवढे पैसे मोजणाऱ्याने आई-बापांच्या चाचणीचे कागद मागितलेच पाहिजेत.

ब्रिटिश शॉर्टहेअर गोलमटोल आणि समंजस, पण कुशीत शिरणारी नव्हे. बंगाल देखणी आणि अतिशय चळवळी. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिची घुसमट होते. स्कॉटिश फोल्ड घेऊ नये, हे स्पष्टच सांगायला हवे. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सापडलेल्या सूझी या भाटीपासून ही जात आली. कान दुमडतात ते कूर्चेतल्या दोषामुळे. तोच दोष सांध्यांतही असतो आणि मांजराला आयुष्यभर दुखते. ब्रिटनच्या प्रमुख मांजर संघटनेने १९७० च्या दशकातच तिची नोंदणी थांबवली. पाय आखडून, जपून चालणाऱ्या फोल्डला लोक शांत स्वभावाची समजतात. प्रत्यक्षात ती वेदना असू शकते.

आयुर्मानाचाही विचार करावा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात मांजराचे सरासरी आयुर्मान ११.७ वर्षे आले. बर्मीज आणि बर्मन १४.४ वर्षांसह सर्वांत पुढे, सायामीज ११.७, पर्शियन १०.९, रॅगडॉल १०.३, मेन कून ९.७, बंगाल ८.५ आणि बिनकेसांची स्फिंक्स सर्वांत मागे, ६.७. जात नसलेली संकरित मांजरे ११.९ वर. हे आकडे तिथल्या हवामानातले आणि तिथल्या उपचारांचे, तरी एक गोष्ट ठळक दिसते. किंमत वाढली म्हणून आयुष्य वाढत नाही.

पिल्लू घेताना

पुण्याच्या बाजारात पर्शियनची विक्री ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’ आणि ‘ट्रिपल कोट’ या शब्दांत होते. चेहरा जितका चपटा, तितका भाव चढा. आरोग्याचा हिशेब नेमका उलटा आहे. चपट्या चेहऱ्यात नाकपुड्या अरुंद होतात, श्वासाला त्रास पडतो, डोळ्यांतून पाणी वाहून गालावर तपकिरी ओघळ उठतात, दातांची गर्दी होते. पर्शियनच हवी असेल तर लांब नाकाची, डॉल फेस घ्यावी. मागणी तिकडे वळली तर पैदास करणारेही वळतील. ही ताकद ग्राहकाच्या हातात आहे.

कायदा थोडी मदत करतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत, मांजरांच्या पैदाशीसाठी तसे नाहीत. बरीचशी विक्री घरगुती पैदाशीतून आणि कागदांविना होते. कागद नसलेले पिल्लू वाईट असतेच असे नाही, पण मग त्याला जातिवंत म्हणून भारी किंमत मोजण्याचे कारणही उरत नाही.

पिल्लू पाहायला ते जिथे वाढले तिथेच जावे. आई दाखवली नाही तर परत फिरावे. आई अनोळखी माणसाजवळ येते का, की कोपऱ्यात दबून बसते? पिल्लू हातात घ्यावे. ते क्षणभर ताठरून मग सैल पडले, बोटाचा वास घेऊ लागले, तर त्याला माणसाची सवय आहे. नाकपुड्या उघड्या आहेत का पाहावे, तोंड मिटलेले असताना श्वासाचा आवाज येतो का ऐकावे. डोळे स्वच्छ हवेत, कानात काळा भुगा नको. शेपटीखाली ओलसर डाग असेल तर जुलाब आहेत. कानाच्या कडेला किंवा पंज्यावर केस गेलेला गोल चट्टा दिसला तर तो बहुधा गजकर्णाचा. पावसाळी दमटपणात तो फोफावतो, लांब केसांच्या जातींत चिवट असतो आणि घरातल्या मुलांनाही लागतो. बारा आठवड्यांपर्यंत आई-भावंडांत राहिलेले पिल्लू चावण्याची मर्यादा शिकून येते. लवकर ताटातूट झालेल्याला ती आपल्याला शिकवावी लागते.

दत्तकाचा मार्गही याच आढाव्यात मोडतो. रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या पुण्यातल्या संस्थांकडे गावठी मांजरे असतात, कधी घर सुटलेल्या पर्शियनही येतात. मोठ्या मांजराचा स्वभाव डोळ्यांसमोर असतो, अंदाज बांधावा लागत नाही. पहिल्यांदा मांजर पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी तर दोन-तीन वर्षांचे शांत मांजर पिल्लापेक्षा कितीतरी बरे.

आपल्या घरात ते कसे जगेल

मार्केट यार्डाच्या आसपास जैन, मारवाडी, गुजराती व्यापारी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. शाकाहारी मराठी घरेही बरीच. मांजर मात्र पक्के मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावे लागते आणि ते मांसात व मासळीत असते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदय पसरट होऊन दुबळे होते. हृदयाचा हा संबंध अमेरिकेत पॉल पिऑन यांनी १९८७ मध्ये सिद्ध केला. दूधपोळीवर वाढलेल्या मांजराबद्दल आपण कौतुकाने बोलतो, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. घरात मांस शिजत नसले तरी तयार कोरडे खाद्य आणून मांजर नीट पाळता येते, कित्येक घरे तसे करतात. तेवढीही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना मान्य नसेल तर तो निर्णय आदराने स्वीकारावा आणि मांजर आणू नये. मांजराला शाकाहारी करणे हा तोडगा नाही.

जिथे चिकन आणले जाते तिथे ते शिजवून, मीठ-मसाला आणि कांदा-लसूण न घालता द्यावे. जानेवारी २०२५ मध्ये छिंदवाड्यात पाळीव मांजरांना बर्ड फ्लू झाल्याचे आढळले. कच्च्या चिकनबाबत तेव्हापासून अधिकच जपायला हवे. पाण्याचे भांडे खाद्यापासून दूर ठेवावे, शक्य तर दोन-तीन ठिकाणी. मांजर मुळात कमी पाणी पिते. बोका लिटर बॉक्समध्ये वारंवार बसतो आहे आणि लघवी होत नाही असे दिसले तर सकाळपर्यंत थांबू नये. ती काही तासांत जिवावर बेतणारी अवस्था असते.

बाजाराजवळ राहण्याचे धोकेही ओळखून ठेवावेत. फूलबाजारात दहा-दहा काड्यांच्या जुडीने मिळणारे लिलियम घरात आणू नये. त्याचे पान, पाकळी, अंगावर सांडून चाटलेले परागकण, एवढ्यानेही मांजराचे मूत्रपिंड निकामी होते. कांदा-लसूण, शिजवलेला असला तरी, त्याच्या तांबड्या पेशी फोडतो. गोदामात वापरतात ते उंदरांचे औषध आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घराच्या माळ्यावर चुकूनही ठेवू नयेत, विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तरी ते मांजराला बाधू शकते. फरशी फिनेलने पुसण्याची आपली सवय मांजराच्या घरात सोडावी, कारण पंजे चाटताना ते पोटात जाते आणि मांजराच्या यकृताला फिनॉल निकामी करता येत नाही. याच कारणाने पॅरासिटामोलची एक गोळीही मारक ठरते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनचे औषध मांजराला कधीही लावू नये.

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. पर्शियन, मेन कून यांना तेव्हा पंख्याखालची थंड फरशी, ओला टॉवेल आणि भर दुपारी बंद पडदे लागतात. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर तातडीने डॉक्टर गाठावेत. गॅलरी आणि खिडक्यांना जाळी मांजर येण्याआधी बसवावी. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर कुरतडू शकते, धातूची बरी. न्यूयॉर्कमधल्या १९८७ च्या प्रसिद्ध पाहणीत उंचावरून पडून आलेल्या १३२ मांजरांपैकी ज्यांच्यावर उपचार झाले त्यांतली नव्वद टक्के वाचली, हे खरे. पण त्यांतल्या अनेकांची छाती आणि जबडे फुटले होते आणि जागीच गेलेली मांजरे त्या मोजणीत नव्हती.

सहवासाची शिस्त

मांजराला रोज दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे दोरीच्या खेळण्यामागे धावू द्यावे, जेवणाआधी खेळवावे म्हणजे पोट भरल्यावर ते झोपते. मांजरे जितकी, त्याहून एक लिटर बॉक्स जास्त. नखे घासायला ताग गुंडाळलेला उंच खांब दिला की सोफा वाचतो. सायामीज किंवा बर्मीजसारखी माणसाळू जात हवी, पण घर आठ तास रिकामे असते, अशा वेळी एकाच वेताची दोन भावंडे घेणे हा उत्तम मार्ग. दोघांचा खर्च झेपत नसेल तर शांत स्वभावाचे मोठे मांजर घ्यावे.

सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. नसबंदी टाळू नये. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरमधल्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरे असल्याची बातमी गाजली. शेजारी वासाने आणि आवाजाने हैराण होते. मांजरांची संख्या हाताबाहेर गेली की माणसांचे आणि मांजरांचे, दोघांचेही हाल होतात.

पुणे महानगरपालिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाळीव मांजरांची नोंदणी बंधनकारक केली. ती जरूर करावी. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. नोंदणी आणि लसीचे कागद हाताशी असले की शेजाऱ्यांशी बोलणेही सोपे जाते.

एका भीतीबद्दल मुद्दाम लिहितो. सुनेला दिवस गेले की घरातले मांजर बाहेर सोडण्याची घाई होते. टोक्सोप्लाझ्मा हा जंतू खरा आहे, पण विष्ठेतून पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. लिटर बॉक्स रोज, आणि गर्भवतीऐवजी दुसऱ्या कुणी साफ केला, मांजराला शिजवलेले किंवा तयार खाद्य दिले आणि बाहेर सोडले नाही, तर धोका फारच कमी राहतो. कच्चे मांस आणि न धुतलेली भाजी यांबाबत अधिक जपावे आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी करावी. घरात वाढलेले पर्शियन रस्त्यावर टिकत नाही. ॲलर्जीचे मात्र आधीच पाहावे. ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनामुळे होते, केसांमुळे नव्हे, त्यामुळे एकही जात तिच्यापासून पूर्ण मुक्त नाही. दमा असलेल्या माणसाने आधी मांजर असलेल्या घरात काही तास घालवून पाहावेत.

तर निवडीचा क्रम असा लावावा. दिवसाचे किती तास घरात कुणी असते, मांसाहारी खाद्य घरात चालेल का, जाळी बसवली आहे का आणि पुढच्या बारा-पंधरा वर्षांत बदली, लग्न, परदेश यांपैकी काही घडले तर मांजर कुणाकडे राहील, या चार प्रश्नांची उत्तरे घरातल्या सर्वांनी मिळून द्यावीत. मग पिल्लाची आई पाहावी. दिवसभर माणूस असलेल्या घराने सायामीज किंवा मिळाली तर बर्मीज आणावी, मुलांच्या घराने चाचणी झालेली रॅगडॉल, कामावर जाणाऱ्यांनी लांब नाकाची पर्शियन. आणि यांतल्या प्रत्येक घराने पैसे मोजण्याआधी एखादे माणसाळलेले गावठी मांजर मांडीवर घेऊन पाहावे. पुष्कळ घरांचा शोध तिथेच संपेल आणि ते त्या मांजराच्याही भल्याचे होईल.